डोक्यात मधेच केस गेलेत? आधी तिथली कातडी बघा

चट्टा पहिल्यांदा दिसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याला: न्हाव्याला, नाहीतर वेणी घालणाऱ्या आईला. ज्याच्या डोक्यावर आहे त्याला पत्ताच नसतो, कारण दुखत नाही, खाजत नाही. मग घरात कुणी म्हणतं 'चाई लागली', कुणी म्हणतं 'उंदरी', कुणी 'कीड', आणि त्याच संध्याकाळी त्यावर कांदा घासला जातो. गोल टक्कल म्हणजे चाई, हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. पण तसाच चट्टा बुरशीने पडतो, घट्ट वेणीने पडतो, स्वतःच्याच बोटांनी पडतो. काही थोड्या आजारांत तर वेळ दवडला की तिथे पुन्हा केस येतच नाहीत. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला मारक. म्हणून काय लावायचं हे ठरवण्याआधी दहा मिनिटं नीट बघायचं.

बघायचं कसं

डोकं आदल्या दिवशी धुतलेलं हवं, तेल अजिबात नको. तेलाने खवले चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी किंवा अंगणात बसवा आणि दुसऱ्या माणसाने बघा. कंगव्याच्या टोकाने बोटबोटभर अंतरावर भांग पाडत कपाळापासून मानेपर्यंत जा. लोक एक चट्टा सापडला की थांबतात; कानामागे आणि मानेच्या खाचेत दुसरा असतो. भुवया, पापण्या, दाढी आणि हातांची नखंही बघायची. नखांचं कारण पुढे येईल.

चट्टा सापडला की त्यावर शाळेची पट्टी ठेवून फोटो काढा, झूम करून. मग तो फोटो मोठा करून तीन गोष्टी शोधा.

पहिली, कातडी गुळगुळीत आहे की खवलेदार. दुसरी, चट्ट्यात किंवा त्याच्या कडेला तुटके केस आहेत का, आणि असले तर कसे तुटलेत: कातडीलगत काळ्या ठिपक्यांसारखे, की कमीजास्त लांबीचे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी बघत नाही: केस उगवण्याची बारीक छिद्रं शिल्लक आहेत का? छिद्रं दिसत असतील तर मूळ जिवंत आहे, केस परत येऊ शकतात. कातडी काचेसारखी चकचकीत, ताणलेली आणि बिनछिद्राची दिसत असेल तर तिथे व्रण झालेला असू शकतो, आणि मग घरी प्रयोग करण्यात एक आठवडाही घालवू नये.

एक चाचणी हातानेच होते. चट्ट्याच्या अगदी कडेचे पन्नास-साठ केस अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि मुळापासून टोकाकडे हलकेच सरकवत ओढा, झटका नाही. एक-दोन केस हातात आले तर ठीक. पाच-सहापेक्षा जास्त आले तर चट्टा अजून वाढतोय. केस त्याच दिवशी धुतले असतील तर सुटे केस आधीच गेलेले असतात आणि चाचणी फसते.

गुळगुळीत, गोल, न खाजणारा: चाई

आयुर्वेदात हिला इंद्रलुप्त म्हणतात, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलोपेशिया एरिआटा. कीड वगैरे काही नसते, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर चाल करून जाते, केस गळतो, पण मूळ मरत नाही. आयुष्यात कधीतरी चाई होण्याची शक्यता सुमारे 2 टक्के, म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नाही.

खूण चट्ट्याच्या कडेला असते. तीन-चार मिलिमीटरचे आखूड केस, वर जाड आणि कातडीपाशी निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. फोटोत असे दोन-चार जरी सापडले तरी चाईची शक्यता बळावते. दुसरी गंमत अशी, की ही बरेचदा काळे केस आधी नेते आणि पांढरे तसेच ठेवते. रातोरात केस पांढरे झाले असं वाटतं, ते पुष्कळदा यामुळेच: काळे गळून गेलेले असतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर तेही याच आजाराचं लक्षण, आणि असे खड्डे असलेल्यांत आजार जरा चिवट असतो. वयात येण्याआधी सुरुवात झाली असेल, किंवा चट्टा मानेपासून कानांपर्यंत पट्ट्यासारखा पसरत असेल, तरीही तसंच.

एक-दोन छोटे चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. कांदा, लसूण, लिंबू, जास्वंद यांची ख्याती इथून आली आहे. जे आपोआप येणार होतं त्याचं श्रेय शेवटी जे लावलं होतं त्याला मिळालं. कांद्याच्या रसाने काहींना फायदा झाल्याचा एक लहानसा अभ्यास आहे, पण नाजूक कातडीवर रोज दोनदा रस चोळला की लाली आणि खाज येते आणि खाजवून नवीनच भानगड सुरू होते. लसूण ठेचून बांधल्याने भाजल्यासारखे फोड येतात. गुंजा आणि जेपाळ घरी उगाळून लावायचा विचारही नको: गुंजेचं बी जहाल विषारी आहे, आणि जेपाळाने फोड येतात. फोड खोलवर गेला तर व्रण राहतो, आणि मग जे मूळ जिवंत होतं तेही जातं. चट्ट्यावर वस्तरा फिरवल्याने केस जाड येतात हाही निव्वळ समज. उद्गारचिन्हाचे केस तेवढे साफ होतात आणि डॉक्टरला ओळखायला काही उरत नाही.

डॉक्टरकडे काय होतं? मोठ्या माणसाला मोजके चट्टे असतील तर बहुधा इंजेक्शन. ट्रायमसिनोलोन हे औषध पातळ करून, डोक्यासाठी सहसा दर मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम आणि भुवईसाठी 2.5, चट्ट्यात एकेक सेंटिमीटरवर थेंब-थेंब टोचतात. दर चार ते सहा आठवड्यांनी. पहिले केस दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि ते कापसासारखे पांढरे, मऊ येतात; घाबरायचं नाही, रंग मागाहून भरतो. एका जागी जास्त किंवा दाट औषध गेलं तर कातडीला खळी पडते. बहुतेक वेळा ती काही महिन्यांत भरते, पण पुढच्या वेळी त्या जागी टोचू नका असं सांगायला हवं. सहा महिने टोचूनही काही उगवलं नाही तर रेटत राहण्यात अर्थ नाही.

मुलांना सुया नकोशा असतात, त्यांना क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड लोशन देतात. ते फक्त चट्ट्यावर लावायचं, कपाळावर ओघळू द्यायचं नाही, आणि निकालासाठी तीन महिने थांबायचं. सोबत 5 टक्के मिनॉक्सिडिल देतात. एकट्याने ते चाई थोपवत नाही, उगवणाऱ्या केसाला हात देतं. आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस घ्यायच्या बीटामेथासोनच्या गोळ्या आपल्याकडे बऱ्याच लिहून दिल्या जातात. चट्टे झपाट्याने पसरत असतील तर त्यांचा उपयोग होतो. पण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या सहा-सहा महिने आणत राहिलात तर चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि वाढत्या मुलाची उंची खुंटू शकते.

अर्ध्याहून जास्त डोकं रिकामं झालं असेल तर आता रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, जेएके इनहिबिटर गटातल्या गोळ्या आहेत. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत तीव्र चाईसाठी 2022 मध्ये मान्यता मिळाली, 12 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी रिटलेसिटिनिबला 2023 मध्ये. या गोळ्या सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ बी-सी यांच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. आपल्या देशात टीबी शरीरात दडून बसलेला असणं अगदी सर्रास आहे, आणि ही औषधं त्याला वाट करून देऊ शकतात. तपासणीशिवाय कुणी गोळी हातात ठेवत असेल तर तिथून उठावं. शिवाय गोळ्या बंद केल्या की बऱ्याच जणांचे केस पुन्हा जातात, हे खर्चाचा हिशेब मांडण्याआधी कळलेलं बरं.

चाईसोबत थायरॉइडचा आजार जास्त आढळतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करतात. एक बारकी पण कामाची गोष्ट: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

मूल, खवले, खाज: गजकर्ण

शाळकरी मुलाच्या डोक्यात चट्टा पडला आणि त्यावर राखाडी खवले किंवा काळे ठिपके दिसले, तर दुसरं सिद्ध होईपर्यंत ती बुरशीच समजायची. काळे ठिपके म्हणजे कातडीलगत तुटलेल्या केसांचे खुंट. मानेत मागच्या बाजूला गाठी हाताला लागत असतील तर शंका आणखी बळावते. ही लागट असते: कंगवा, टोपी, उशी, न्हाव्याचं मशीन यांतून जाते, आणि एक जात मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिल्लाकडूनही येते.

इथे घरोघरी एकच चूक होते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली जाते, ज्यात बुरशीचं औषध, जिवाणूचं औषध आणि तगडं स्टिरॉइड असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, घरचे खूश. बुरशी मात्र स्टिरॉइडच्या आडोशाने निवांत पसरते आणि महिन्याभराने चट्टा असा ओळख बदलून येतो, की डॉक्टरलाही लगेच उमगत नाही. नुसतं बुरशीचं मलम लावलं तरी भागत नाही, कारण बुरशी केसाच्या आत आणि मुळाशी बसलेली असते. मलम तिथवर पोचत नाही. डोक्यातल्या गजकर्णाला पोटातून औषध लागतंच. ग्रिसिओफल्विन किलोमागे रोज 15 ते 25 मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे, आणि तेही जेवणाबरोबर, दूध-तूप-साय असलेल्या. उपाशीपोटी दिलं तर नीट शोषलं जात नाही आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून बंद केलं जातं. दुसरा पर्याय टर्बिनाफिन, साधारण चार आठवडे. पण मांजर-कुत्र्याकडून आलेल्या जातीवर ग्रिसिओफल्विन जास्त चांगलं चालतं. म्हणून घरात पिल्लू आहे का, हे विचारलं नसेल तरी सांगा.

2 टक्के किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. त्याने आजार बरा होत नाही, पसरणं कमी होतं. भावंडांनाही लावा. कंगवे वेगळे करा, टोप्या-उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. मुंडण करायची गरज नाही, आणि औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळेतून घरी बसवायचीही नाही.

कधीकधी चट्टा सुजून मऊ, पाणथळ गाठोडं होतो आणि त्यातून पू वाहतो. गळू समजून कुणीतरी चिरा देतं. तो पू बहुधा बुरशीविरुद्ध शरीराने उठवलेला दाह असतो. चिरून काही साधत नाही, व्रण मात्र कायमचा. अशा गाठोड्याला पोटातलं औषध त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं.

तपासणी साधी आहे: खवले आणि तुटके खुंट खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आदल्या दिवशी तेल किंवा मलम लावलं असेल तर बुरशी असूनही दिसत नाही.

ओढलेले केस

कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेने केस विरळ होत जातात, पण अगदी पुढे बारीक केसांची झालर तेवढी टिकून राहते. ही झालर दिसली की औषधाचं नाव काढायच्या आधी केस बांधायची पद्धत विचारायची. रिबिनीच्या दोन कडक वेण्या, रोज त्याच जागी बांधलेला उंच पोनी, नृत्यासाठी गंगावन लावून चढवलेला जड अंबाडा, चिकटवलेली एक्स्टेन्शन्स. बांधल्यावर डोकं ठणकत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या येत असतील तर ते जास्त घट्ट आहे, एवढं माप पुरे. वेळीच सैल केलं तर काही महिन्यांत केस येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळं कायमची जातात. भांगाची जागा दर आठवड्याला बदला, ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नका, आणि गंगावन कार्यक्रम संपला की त्याच रात्री उतरवा.

दुसरं ओढणं नकळत होतं. चट्टा वेडावाकडा, कडा अस्ताव्यस्त, आणि आत केस आहेत, पण एक अर्धा सेंटिमीटरचा तर शेजारचा दोन सेंटिमीटरचा. कातडी चाईसारखी गुळगुळीत कधीच नसते. बहुधा ज्या हाताने लिहितात त्याच बाजूला किंवा माथ्यावर. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, झोप येताना मूल केस उपटत असतं. दरडावलं की ते न्हाणीघरात जाऊन उपटतं, एवढाच फरक पडतो. केव्हा, कुठे, हातात काय असताना घडतं याची आठवडाभर नोंद ठेवा, त्या वेळी हाताला दुसरं काम द्या, आणि समुपदेशकाकडे सवय बदलण्याचं प्रशिक्षण घ्या. या त्रासावर सगळ्यात जास्त गुण त्यानेच येतो. उपटलेला केस तोंडात जातो का, हे मात्र जरूर बघा. पोटात केसांचा गोळा होतो, आणि पोटदुखी, उलट्या, भूक न लागणं सुरू झालं असेल तर आधी सोनोग्राफी.

थांबायचं नाही असे

चकचकीत, बिनछिद्राची कातडी; कडेला जांभळट लाली; छिद्रांभोवती घट्ट बसलेले खवले; आग, ठणका; एकाच छिद्रातून ब्रशसारखे पाच-दहा केस. यातलं काहीही दिसलं तर लायकेन प्लॅनस, डिस्कॉइड ल्युपस किंवा त्यांच्या भाऊबंदांचा संशय घ्यायचा. इथे मुळाच्या जागी व्रण बनत जातो. गेलेलं येत नाही, उरलेलं वाचवता येतं, म्हणून घाई. निदानासाठी 4 मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करतात, भूल देऊन, एक-दोन टाक्यांचं काम. तुकडा चट्ट्याच्या मधून नाही तर आजार जिथे धगधगतोय त्या कडेतून घ्यायचा असतो. मधल्या भागात जुना व्रणच सापडतो आणि रिपोर्ट काही सांगत नाही.

मोठ्या माणसाच्या डोक्यात वाळवीने खाल्ल्यासारखे लहान-लहान पुष्कळ चट्टे असतील तर सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्यावी. लाजण्याने फक्त उशीर होतो; हा पेनिसिलिनने बरा होणारा आजार आहे. भुवईचा बाहेरचा भाग गेला असेल तर थायरॉइड बघतात, पण त्यासोबत कानाच्या पाळ्या जाड वाटणं, हातापायाला बधिरपणा, अंगावर फिकट डाग असेल तर कुष्ठरोगाची तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात करा. औषध तिथे फुकट मिळतं.

बाळाच्या डोक्यामागचा रिकामा पट्टा मात्र निर्धास्तपणे सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जावळ गळतं, ते बरोबरच असतं. जन्मापासून पिवळसर, केस नसलेला उंचवटा असेल तर तो एकदा दाखवून ठेवा.

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस झडतात ते सगळ्या डोक्यावरून, चट्टा पडत नाही. आणि एकाच गावात, एकाच आठवड्यात अनेकांचे केस मूठमूठ जाऊ लागले तर कारण घराबाहेर शोधायला हवं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड वगैरे गावांत 2025 च्या जानेवारीत तसं झालं. आधी शाम्पू आणि पाण्यावर संशय होता, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. सेलेनियम प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर केस जातात आणि नखंही बिघडतात, हे आधीपासून ठाऊक होतं. अशा वेळी शाम्पू बदलत बसण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा आणि घरातलं धान्य-पाणी फेकून न देता नमुन्यासाठी बाजूला ठेवा.

डॉक्टरकडे जाताना

दोन दिवस तेल नाही, मलम नाही, चट्टा झाकायला काजळ किंवा केसांचा रंग नाही. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब खोक्यासकट न्या. 'पांढरी ट्यूब होती' यावरून काही कळत नाही. चट्टा कधी दिसला, किती वाढला, घरात कुणाला चाई, थायरॉइड किंवा कोड आहे का, गेल्या तीन महिन्यांत मोठं आजारपण किंवा नवीन गोळी, आणि पट्टी ठेवून काढलेले फोटो. पुढचे फोटो दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून काढा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि महिन्याभराने पट्टीवर चट्टा 22 वरून 19 मिलिमीटरवर आलेला दिसला तर चाललेलं औषध बदलायची घाई करायचं कारण नसतं.